काळी द्राक्षं, सदतीस बाइट

रात्री पावणेतीनला कचेश्वर गांगुर्डेचा फोन.
“मॅडम, खोली गरम व्हायला लागलीय.”
तो मोहाडीच्या शीतगृहात,
मी पाथर्डी फाट्यावर, तिसऱ्या मजल्यावर, पायात मोजे, फेब्रुवारी.
“सेटिंग किती दाखवतंय?”
“तेरा. मी शून्य ठेवलं होतं.
आईची शप्पथ, हात नाही लावला.”

खरंच नव्हता लावला.
त्याने फक्त नाव दिलं होतं.
नोंदींच्या फोल्डरला आजवर सगळे रूम वन, रूम टू म्हणायचे.
कचेश्वरला वाटलं, माल आपला, तर नावही आपलं असू दे.
त्याने लिहिलं: काळी द्राक्षं.

सकाळी अंबडला, वर्कशॉपच्या मागच्या खोलीत,
पलीकडे लेथ कुरकुरत असताना,
मी बोटांवर मोजलं.
डोळ्यांना चार अक्षरं.
यंत्र काना वेगळा मोजतं, वेलांटी वेगळी,
‘द’चा पाय मोडला तर त्या मोडण्याचेही वेगळे तीन बाइट.
मधली मोकळी जागा धरून सदतीस.
आधीची मूळ वाट, अकरा.
दोघींच्या मध्ये एक तिरपी रेघ.
एकोणपन्नास.
आणि अगदी शेवटी ते न दिसणारं शून्य,
इथे संपलं, असं सांगणारं.
पन्नास.

अंथरूण मी घातलं होतं अठ्ठेचाळीसचं.

दोन वर्षांपूर्वी, बोरस्ते सर खुर्चीमागे उभे असताना,
“पुरेल की,” म्हणून.
आणि जोडायला घेतलं होतं स्ट्रकॅट.
ते बिचारं अंथरूण पाहत नाही,
सांगितलं तेवढे पाय पसरतं.

दोन बाइट बाहेर गेले:
अनुस्वाराचा शेवटचा तुकडा
आणि त्याच्यामागून ते शून्य.
स्मृतीत अगदी शेजारी तापमान राहत होतं.
दोघं त्याच्या घरात शिरले, त्याचं सामान बाहेर.
तुकड्याची किंमत एकशे तीस.
आम्ही तापमान दशांशांत लिहितो.
एकशे तीस म्हणजे तेरा अंश.

एका टिंबाने खोली तापवली.
इतकं नेमकं, की आधी मला हसू आलं.
मग आठवलं,
सोळा पॅलेटवर देठ तपकिरी पडलेत.

सातवीत सानप बाईंनी विद्या आणि आलय जोडायला सांगितलं होतं.
मी फळ्यावर लिहिलं, विद्याआलय.
बाई काही बोलल्या नाहीत.
डस्टरच्या कोपऱ्याने ‘आ’ तेवढा पुसला
आणि उरलेलं जवळ जवळ पुन्हा लिहिलं.

आता मी तेच करते.
पहिलीच्या शेवटी रेघ आहे का बघते,
दुसरीच्या सुरुवातीला आहे का बघते,
दोन भेटल्या तर एक पुसते,
एकही नसली तर घालते.
पण त्याच्याही आधी मोजते, त्या शून्यासकट.
एसएनप्रिंटएफला जागा किती ते सांगते,
आणि खरं किती लागलं असतं, हे ते परत सांगतं, ते ऐकून घेते.
(ऐकायचं राहतंच बहुतेकांचं. माझंही राहिलं असतं.)
कमी पडलं तर कापून बसवत नाही.
कापलेली वाट भलत्याच कुणाच्या दारात जाऊन उभी राहते.
सरळ नकार देते, आणि तोही मराठीत.

कचेश्वरला कळवलं.
“मग नाव बदलू का, मॅडम?”
“राहू दे. जागा वाढवलीय.”
“किती?”
“भरपूर.”
“भरपूर म्हणजे?”

तासाभराने फोटो आला.
त्याने फोल्डरला नाव म्हणून अख्खी कहाणी टाकलेली:
काळी द्राक्षं, कादवेकडच्या वरच्या मळ्यातली, धाकट्या भावाच्या हातची पहिली तोड,
पुढे बरंच काही, पडद्यावर न मावलेलं.
त्याच्याखाली माझी ओळ,
नाव मावत नाही.
आणि कोपऱ्यात, हिरव्या आकड्यांत,
शून्य.